विंडोजमधील एनडिसयूआयओ या नेटवर्क ड्रायव्हर सेवेची मूळ मांडणी परत कशी आणावी?

प्रश्न
द्राक्षबाग दिंडोरी:

सर्वांना नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमचे द्राक्षांचे पॅकहाऊस आहे. तेथील कार्यालयात एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे दोन लॅपटॉप असून दोन्हींवर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आहे. देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने त्यांपैकी एकावर संगणकाचा वेग वाढवणारा म्हणून सांगितला जाणारा एक प्रोग्रॅम चालवला आणि तेव्हापासून त्या लॅपटॉपचे वाय-फाय पूर्णपणे बंद आहे. उपलब्ध नेटवर्कची यादीच दिसत नाही. लॅनची वायर जोडली की मात्र इंटरनेट व्यवस्थित चालते. पॅकिंगच्या हॉलपर्यंत वायर नेलेली नाही. पेट्यांची लेबले तेथेच छापावी लागतात आणि निर्यातीच्या मालाच्या ग्रेपनेटवरील नोंदीही तेथूनच होतात (ग्रेपनेट म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली), त्यामुळे ऐन हंगामात काम अडले आहे.

सर्व्हिसेसच्या खिडकीत डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग ही वाय-फाय सांभाळणारी सेवा सुरू करू पाहिली असता १०६८ क्रमांकाची त्रुटी येते. ती ज्या सेवेवर अवलंबून आहे ती सुरू होऊ शकली नाही, असा तिचा आशय आहे. डिपेन्डन्सीज या टॅबमध्ये इतर नावांबरोबर एनडिस यूजरमोड आय/ओ प्रोटोकॉल हे नाव दिसते. हेच ते एनडिसयूआयओ. परंतु सर्व्हिसेसच्या मुख्य यादीत ते कितीही शोधले तरी सापडत नाही. वाय-फायचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला आणि नेटश विनसॉक रीसेट ही आज्ञाही देऊन पाहिली, पण फरक पडला नाही. एम. जी. रोडवरील एका दुकानात विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला. तसे केल्यास लेबल प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांची सर्व जुळणी पुन्हा करावी लागेल.

या सेवेची मूळ मांडणी कोणती असते आणि ती परत कशी आणावी? दुसऱ्या, चालू स्थितीतील लॅपटॉपवरून ती जशीच्या तशी उचलून आणता येईल का?

उत्तर १
सातपूर नेटवर्क:

नमस्कार. आपण दिलेल्या वर्णनावरून विंडोज नव्याने टाकण्याची गरज दिसत नाही. बिघाड बहुधा रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजची मांडणी साठवणाऱ्या नोंदवहीतील, एका आकड्याचा आहे. तरीही तो आकडा बदलण्याआधी तोच दोषी आहे याची खात्री करून घ्यावी.

हे नाव मुख्य यादीत का दिसत नाही, ते आधी सांगतो. विंडोज आपल्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरांची नोंदही सेवांबरोबर एकाच ठिकाणी, म्हणजे रजिस्ट्रीतील एच-की लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या मार्गाखाली ठेवते. परंतु सर्व्हिसेसची खिडकी त्यांपैकी फक्त कर्नलबाहेर चालणाऱ्या सेवाच दाखवते. एनडिसयूआयओ हा कर्नलमधील ड्रायव्हर आहे आणि त्याची फाइल विंडोजच्या सिस्टम ३२ मधील ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये असते. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून तयार केलेल्या एनडिस या नेटवर्क ड्रायव्हरांच्या चौकटीवर तो बसतो. कर्नलबाहेरील प्रोग्रॅमांना नेटवर्क कार्डाशी थेट, इथरनेटच्या फ्रेमच्या पातळीवर देवाणघेवाण करता यावी, हे त्याचे काम. वाय-फाय जोडताना होणाऱ्या ओळखतपासणीसाठी डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिगला ही वाट लागते, म्हणून ती सेवा त्याच्यावर अवलंबून ठेवलेली आहे. वायरवरून चालणारी नेहमीची वाहतूक मात्र टीसीपी/आयपीच्या ड्रायव्हरमार्फत जाते आणि तिचा एनडिसयूआयओशी संबंध येत नाही. आपले वायरवरील इंटरनेट सुरळीत आहे आणि वाय-फाय मेले आहे, हे लक्षण या रचनेशी तंतोतंत जुळते. ज्या ड्रायव्हरवर सगळेच अवलंबून असते तो बिघडला असता, तर वायरही चालली नसती.

आता तपासणी. येथे आज्ञा देवनागरीत लिहीत आहे; टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि सेवेचे नाव एन, डी, आय, एस, यू, आय, ओ असे सलग टंकावे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडा आणि ‘एससी क्यूसी एनडिसयूआयओ’ ही आज्ञा द्या. पॉवरशेलमध्ये काम करणार असाल तर ‘एससी’ ऐवजी ‘एससी डॉट ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे, कारण विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘एससी’ हे फाइलीत मजकूर लिहिणाऱ्या एका वेगळ्याच आज्ञेचे संक्षिप्त रूप आहे. तेथे वरील आज्ञा दिली तर कोणतीही त्रुटी न दाखवता एक निरर्थक फाइल तयार होते आणि आपल्याला वाटते की आज्ञा पार पडली.

उत्तरातील ‘स्टार्ट टाइप’ ही ओळ पाहा. तेथे ३ आणि डिमांड स्टार्ट असायला हवे. ही त्याची मूळ मांडणी. तेथे ४ आणि डिसेबल्ड असेल, तर दोष सापडला. या ठिकाणी अनेकांची एक गल्लत होते. ‘एससी क्वेरी’ ही दुसरी आज्ञा दिल्यावर ‘स्टेट’ या ओळीत जो ४ येतो, त्याचा अर्थ सेवा चालू आहे असा असतो. आणि ‘एससी क्यूसी’च्या उत्तरातील ४ चा अर्थ सेवा अक्षम केलेली आहे असा असतो. आकडा एकच, अर्थ उलट. म्हणून आकड्याबरोबर त्यापुढील शब्दही वाचावा.

ही दोन्ही उत्तरे येथे कळवा. पुढचे पाऊल त्यानंतर ठरवू. तोवर रजिस्ट्रीत काहीही बदलू नका.

उत्तर २
पंचवटीकर:

माझ्या मते यापेक्षा सोपा मार्ग उपलब्ध आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट या विभागात, स्टेटस पानाच्या तळाशी नेटवर्क रीसेट हा पर्याय असतो. त्याने नेटवर्कचे सर्व घटक मूळ स्थितीत येतात, आज्ञा टंकाव्या लागत नाहीत आणि चूक होण्याची शक्यताही कमी राहते. शिवाय सिस्टम रीस्टोअर सुरू ठेवलेले असेल, तर तो प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच्या रीस्टोअर पॉइंटवर परत जाणे हाही निर्वेध उपाय आहे.

सातपूर नेटवर्क:

सिस्टम रीस्टोअरबाबत मी आपल्याशी सहमत आहे. रीस्टोअर पॉइंटमध्ये रजिस्ट्रीचा समावेश असतो, त्यामुळे तो योग्य तारखेचा असेल तर हा आकडा आपोआप पूर्ववत होईल. फक्त त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हरही निघून जातात, हे प्रश्नकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. अनेक लॅपटॉपांवर ही सोय मुळात बंदच असते.

नेटवर्क रीसेट मात्र मी येथे आधी सुचवणार नाही. तो सर्व नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर काढून पुन्हा बसवतो, साठवलेले वाय-फायचे पासवर्ड त्यात जातात, व्हीपीएन किंवा आभासी स्विच असल्यास त्यांची जुळणी नव्याने करावी लागते आणि हाताने दिलेला आयपी पत्ताही पुन्हा भरावा लागतो. लेबल प्रिंटर नेटवर्कवर ठरावीक आयपी पत्त्याने जोडलेला असेल, तर पॅकहाऊसमध्ये त्यातून नवीच अडचण उभी राहील. इतके सारे मोडूनही कोणा बाहेरच्या प्रोग्रॅमने अक्षम केलेल्या प्रत्येक सेवेचा आकडा मूळपदावर येईलच, याची हमी त्यातून मिळत नाही. नेटश विनसॉक रीसेटचेही तसेच. ती आज्ञा विनसॉकची, म्हणजे प्रोग्रॅमांना नेटवर्क वापरू देणाऱ्या विंडोजच्या भागाची, यादी स्वच्छ करते; ड्रायव्हर केव्हा सुरू व्हावा हे ठरवणाऱ्या आकड्याला ती हात लावत नाही, म्हणून आपल्याकडे तिचा उपयोग झाला नाही.

द्राक्षबाग दिंडोरी:

आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. बिघडलेल्या लॅपटॉपवर स्टार्ट टाइप ४, डिसेबल्ड असे आले आणि ‘एससी क्वेरी’मध्ये स्टेट १, स्टॉप्ड असे दिसले. चालू लॅपटॉपवर अनुक्रमे ३ डिमांड स्टार्ट आणि ४ रनिंग असे आले. ‘एससी स्टार्ट’ ही आज्ञा देऊन पाहिली, तर १०५८ ही त्रुटी आली. सिस्टम रीस्टोअर दोन्हींवर बंद आहे. चालू लॅपटॉपवरील एनडिसयूआयओची संपूर्ण ‘की’ (रजिस्ट्रीतील त्याच्या नोंदींचा गट) रजिस्ट्री एडिटरमधून एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हने इकडे आणावी आणि इंपोर्ट करावी, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का?

सातपूर नेटवर्क:

कृपया तसे करू नका. तुलनेसाठी दुसरा लॅपटॉप हाताशी असणे हे आपले भाग्य आहे, पण त्याचा उपयोग पाहण्यापुरताच करावा.

एनडिसयूआयओ काय किंवा टीसीपीआयपी काय, हे प्रोटोकॉल ड्रायव्हर आहेत. म्हणजे ते एखाद्या विशिष्ट नेटवर्क कार्डाला बांधलेले असतात. ही बांधणी त्यांच्या कीखालील लिंकेज या उपकीमध्ये लिहिलेली असते आणि तेथे कार्डाचे नाव नसून महिरपी कंसातील एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो क्रमांक प्रत्येक संगणकावर, कार्ड बसवले जाते त्या वेळी तयार होतो. दोन्ही लॅपटॉप एकाच बनावटीचे आणि एकाच दिवशी घेतलेले असले, तरी हे क्रमांक वेगळेच असणार. संपूर्ण की इंपोर्ट केली, तर अस्तित्वात नसलेल्या कार्डांशी केलेली बांधणी आपल्या लॅपटॉपवर लिहिली जाईल. आज एका आकड्यात असलेला बिघाड मग बांधणीत शिरेल आणि तो शोधून काढणे कितीतरी कठीण जाईल. इंटरनेटवर ‘मूळ मांडणी’ म्हणून उतरवून घ्यायला मिळणाऱ्या तयार रजिस्ट्री फाइलींबाबतही माझे मत हेच आहे. त्या कोणत्या आवृत्तीवरून आणि कोणत्या संगणकावरून काढल्या आहेत, हे आपल्याला कळत नाही.

म्हणून पुढीलप्रमाणे करा. प्रथम बिघडलेल्या लॅपटॉपवरील हीच की एक्स्पोर्ट करून त्याच लॅपटॉपवर जपून ठेवा, म्हणजे काही बिनसले तर मागे येता येईल. त्यानंतर दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून कीमधील मुख्य नोंदी ताडून पाहा. टाइप ही नोंद १ असावी, कारण १ म्हणजे कर्नल ड्रायव्हर. एरर कंट्रोल १ असावी. आणि इमेज पाथ या नोंदीत एनडिसयूआयओ डॉट सिस या फाइलीचाच मार्ग असावा. हे तिन्ही जुळत असतील आणि फक्त स्टार्ट ही नोंद ३ ऐवजी ४ असेल, तर तेवढीच बदलायची.

ती रजिस्ट्री एडिटरमध्ये हाताने बदलता येते, पण मी ‘एससी कॉन्फिग एनडिसयूआयओ स्टार्ट= डिमांड’ ही आज्ञा पसंत करतो, कारण तिच्यामुळे बदल सेवा नियंत्रकामार्फत होतो आणि त्याला तो तत्काळ कळतो. बरोबरचे चिन्ह ‘स्टार्ट’ला चिकटून लिहावे आणि त्यानंतर एक मोकळी जागा सोडून ‘डिमांड’ लिहावे. ती जागा सोडली नाही म्हणून आज्ञा नाकारली गेल्याच्या तक्रारी फार येतात. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर आले, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला नाही. आज्ञा यशस्वी झाली की ‘एससी स्टार्ट एनडिसयूआयओ’ आणि त्यामागोमाग ‘नेट स्टार्ट डब्ल्यूलॅनएसव्हीसी’ द्या; डब्ल्यूलॅनएसव्हीसी हे डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिगचे आज्ञेत वापरायचे नाव आहे.

शेवटी लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि येथे शट डाऊन करून पुन्हा चालू करणे पुरेसे मानू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही सोय आली आहे. ती सुरू असेल तर शट डाऊनच्या वेळी कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ड्रायव्हर नव्याने चढत नाहीत. रीस्टार्टमध्ये ते नव्याने चढतात. बदल टिकला की नाही, हे म्हणूनच रीस्टार्टनंतरच कळते.

उत्तर ३
कॉलेज रोड अभ्यासिका:

वरील मार्गदर्शनात एका गोष्टीची भर घालतो. आमच्या अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या संगणकांवर असेच ‘वेग वाढवणारे’ प्रोग्रॅम वारंवार आढळतात, आणि ते क्वचितच एका सेवेवर थांबतात. त्यामुळे एनडिसयूआयओ सुरू झाल्यावर त्याच्या शेजारच्या सेवांचे आकडेही ‘एससी क्यूसी’ने पाहून घ्यावेत. विंडोज १० वर एनडिस आणि टीसीपीआयपी यांचा आकडा ० असतो, म्हणजे विंडोजचा बूट लोडरच त्यांना स्मृतीत आणतो. एएफडी आणि नेटबीटी या नेटवर्कच्या ड्रायव्हरांचा १ असतो. ते कर्नल उभे राहताना चढतात. डीएचसीपी आणि डीएनएसकॅश या सेवांचा २, म्हणजे ऑटोमॅटिक. २ आणि ३ आकडे असलेल्या सेवा सेवा नियंत्रक सुरू करतो; २ असलेल्या स्वतःहून आणि ३ असलेल्या कोणी मागणी केल्यावर.

हा क्रम मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण ‘ऑटोमॅटिक म्हणजे उत्तम’ असे समजून सगळ्यांना सरसकट २ देणारे लोक मी पाहिले आहेत. टीसीपीआयपीला २ दिले की तो आपल्या ठरलेल्या वेळेच्या मागे पडतो आणि त्याच्यावर विसंबलेल्या सेवांचा क्रम बिघडतो. तसेच एनडिसयूआयओला ३ च हवा. डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग सुरू होताना त्याला स्वतःच बोलावून घेते, त्यामुळे तो आधीपासून जागा असण्याची गरज नाही.

आकडा योग्य करूनही सेवा सुरू झाली नाही आणि फाइल सापडत नसल्याची त्रुटी आली, तर रजिस्ट्री सोडून ड्रायव्हर्स फोल्डर पाहावे. फाइल नसेल किंवा बिघडलेली असेल, तर आधी ‘डिझम’ या साधनाची रीस्टोअर हेल्थ ही आज्ञा आणि नंतर विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवावी. क्रम असाच ठेवावा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून निकोप फाइल घेते तो साठा डिझम दुरुस्त करते. वायरवरील इंटरनेट चालू असल्याने डिझमला लागणारे भाग उतरवून घेता येतील. ही फाइल एखाद्या संकेतस्थळावरून उतरवून तेथे ठेवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कर्नलमध्ये चालणारी फाइल म्हणजे संपूर्ण संगणकाचा ताबा.

द्राक्षबाग दिंडोरी:

दोघांचेही मनापासून आभार. टाइप, एरर कंट्रोल आणि इमेज पाथ तंतोतंत जुळले. फरक फक्त स्टार्टमध्ये होता. आज्ञा दिल्यावर वाय-फाय लगेच सुरू झाले आणि नेटवर्कची यादीही दिसू लागली. मात्र रीस्टार्ट केल्यावर आकडा पुन्हा ४ झाला. हे कशामुळे होत असावे?

सातपूर नेटवर्क:

विंडोज स्वतःहून हा आकडा ४ करत नाही. तो प्रोग्रॅम अजून लॅपटॉपवर असून लॉगइनच्या वेळी किंवा ठरावीक काळाने आपली मांडणी पुन्हा लादत असणार. प्रथम तो उघडून त्यात केलेले बदल मागे घेण्याची सोय आहे का ते पाहा आणि असल्यास ती वापरा, कारण त्याने आणखी काय काय बदलले याची नोंद फक्त त्याच्याकडेच आहे. त्यानंतर सेटिंग्जमधील ॲप्स या विभागातून तो काढून टाका. एवढ्याने भागेलच असे नाही. काही प्रोग्रॅम निघून गेल्यावरही आपले वेळापत्रक मागे ठेवतात. म्हणून टास्क शेड्यूलर उघडून त्यातील लायब्ररीत त्या नावाचे काम उरले आहे का, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये त्याची नोंद आहे का आणि सर्व्हिसेसच्या यादीत त्याची स्वतःची एखादी सेवा आहे का, हे तिन्ही तपासा. ते निघाल्यावरच आकडा पुन्हा ३ करा.

आणखी एक बाब, विषयाला धरूनच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. निर्यातीची कागदपत्रे असलेला लॅपटॉप आहे, तेव्हा हंगाम आटोपल्यावर विंडोज ११ चा विचार करावा. ‘एससी’च्या याच आज्ञा तेथेही चालतात, मात्र कोणतीही मांडणी ताडून पाहायची झाल्यास ती विंडोज ११ असलेल्या संगणकावरच पाहावी.

द्राक्षबाग दिंडोरी:

टास्क शेड्यूलरमध्ये लॉगइनच्या वेळी चालणारे एक काम सापडले. प्रोग्रॅम आणि ते काम दोन्ही काढून आकडा ३ केला, रीस्टार्ट केले, आणि आता तो ३ च राहिला आहे. पॅकिंगच्या हॉलमधून लेबले छापली जात आहेत. अभ्यासिकेच्या सूचनेप्रमाणे बाकीचे आकडेही पाहिले. ते सर्व बरोबर आहेत. एकच शंका उरली आहे. डिपेन्डन्सीज तपासताना वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सेवाही एनडिसयूआयओवर अवलंबून असल्याचे दिसले. ती दोन्ही लॅपटॉपांवर मॅन्युअल असून बंद आहे. तीही सुरू करावी का?

कॉलेज रोड अभ्यासिका:

नको. वायरने जोडताना ८०२.१एक्स पद्धतीने ओळख पटवावी लागते अशा नेटवर्कवरच, म्हणजे मोठ्या कंपन्यांत किंवा विद्यापीठांत, तिची गरज पडते. मॅन्युअल हीच तिची मूळ मांडणी आहे. ती तशीच ठेवावी.